चौदा एप्रिलचा शिक्का

विजयमाला हार्डक्रोम या आमच्या कारखान्यात विमान जवळून पाहिलेला एकही माणूस नव्हता. तरी मालकांच्या केबिनमध्ये भिंतभर विमानाचा फोटो होता, व्हिजिटिंग कार्डावर विमान होतं आणि दिवाळीत वाटायच्या मिठाईच्या बॉक्सवरसुद्धा विमानच होतं. मालक म्हणजे हंबीरराव. मूळचा धंदा साखर कारखान्यांचे झिजलेले शाफ्ट घासून त्यांच्यावर क्रोमचा थर चढवून द्यायचा. शिरोली एमआयडीसीत हे काम करणारे दहा-पंधरा जण तेव्हाही होते. पण सत्त्याण्णव साली मुंबईच्या एका विमानदुरुस्ती कंपनीचं थोडंसं उरलंसुरलं काम मालकांना मिळालं आणि त्यांची मान जी वर गेली ती खाली यायला तयार होईना. लग्नात भेटलेल्या अनोळखी माणसालाही ते सांगायचे, "पावणं, तुम्ही ज्या इमानात बसताय न्हवं, ते आमच्या जीवावर उडतंय."

उडत होतं ते शालूबाईंच्या जीवावर. पण त्यांचा फोटो कुणी भिंतीवर लावला नव्हता.

शालूबाई कुरणे. माहेर मुरगूड, राहायला उचगाव, शिक्षण सातवी. चौऱ्याऐंशी साली कारखान्यात झाडूवाली म्हणून लागल्या. नंतर हवाईदलातून निवृत्त झालेला बेळगावचा एक तपासनीस मालकांनी वर्षभरासाठी आणला होता. त्याच्या लक्षात आलं की ही बाई लोखंडाचा कीस झाडताना त्यातली टाचणीएवढी पिनही वेगळी काढून ठेवते. त्यानं मालकांना न विचारता तिच्या हातातला झाडू काढून घेतला आणि तिला अंधारखोलीत बसवलं.

अंधारखोली म्हणजे काळे पडदे लावलेली आठ बाय आठची जागा. पोलादाचा भाग विजेनं चुंबक करायचा, त्याच्यावर लोखंडाची बारीक चमकती भुकटी मिसळलेलं तेल ओतायचं आणि जांभळ्या दिव्याखाली बघायचं. भाग चांगला असला तर काळाकुट्ट दिसतो. कुठं केसाएवढी चीर असली तर भुकटी तिथं गोळा होते आणि हिरवी रेघ चमकते. ऐकायला सोपं आहे. मी एकदा आत बसलो होतो, मला हिरव्या रेघांनी भरलेला शाफ्ट दाखवला, मला फक्त शाफ्ट दिसला. शालूबाई आत गेल्यावर पाच मिनिटं नुसत्या डोळे निवू देत, अंधाराला सरावू देत बसायच्या, मग कामाला हात लावायच्या. ती पाच मिनिटं मालकांच्या पुतण्याला फार खुपायची. "मावशी झोप काढती व्हय आत?" असं तो बाहेरून ओरडायचा.

हा पुतण्या म्हणजे सूरज. पुण्याच्या कुठल्यातरी कॉलेजातून चार वर्षांची इंजिनिअरिंग सात वर्षांत उरकून आलेला. आल्या आल्या क्वालिटी मॅनेजर. क्वालिटीचं त्याला इतकंच ठाऊक होतं की ती आडवी आली की माल वेळेवर जात नाही.

आणि मी गुंडू. डिस्पॅचला होतो. तपासून आलेला माल खोक्यात भरायचा, वर चिठ्ठी चिकटवायची, गाडीत चढवायचा. माझ्याबद्दल याहून जास्त सांगण्यासारखं त्यावेळी काही नव्हतं आणि नंतरही मी काही घडू दिलं नाही.

अठ्ठ्याण्णवच्या एप्रिलात मुंबईहून एक पिन आली. मनगटाएवढी जाड, हातभर लांब. प्रवासी जेट विमानाच्या मागच्या चाकांचा जो दांडगा पाय असतो, तो याच पिनेवर फिरून पोटात मिटतो आणि उतरताना उघडतो. पिन झिजली होती. ती घासून, तिच्यावर क्रोम चढवून, पुन्हा मापात आणून द्यायची होती आणि मुंबईला घाई होती. घाई म्हणून ग्राइंडरवर पाणी कमी आणि दाब जास्त. पोलाद तापलं. तापलेल्या पोलादाला असं घासलं की वरच्या कातडीत बारीक चिरा पडतात. त्या डोळ्याला दिसत नाहीत, बोटाला लागत नाहीत.

शालूबाईंना नऊ तारखेला दिसल्या. त्यांनी पिनेला लाल कार्ड बांधलं. लाल कार्ड म्हणजे बाद. सूरज आत गेला, बाहेर आला आणि म्हणाला, "घासल्याच्या खुणा हाईत त्या. क्रोम चढल्यावर काय दिसत न्हाईत."

"व्हय, दिसणार न्हाईत," शालूबाई म्हणाल्या. "म्हणून तर आत्ता सांगाय लागलोय. क्रोम चढवलासा तर खालचं झाकंल. झाकल्यानं चीर बुजती व्हय?"

"तुम्ही मला इंजिनिअरिंग शिकवू नका."

"शिकवून आलं असतं तर कॉलेजनं शिकवलं असतं की."

सूरजनं कार्ड तोडलं, चार तुकडे केले आणि खिशात घातले. मी दारात ट्रॉली घेऊन उभा होतो. मी ट्रॉलीच्या चाकाकडे बघत राहिलो, जणू त्या चाकात मोठा बिघाड होता.

तेरा तारखेला तीच पिन आरशासारखी चकचकीत होऊन शालूबाईंच्या टेबलावर शेवटच्या तपासणीला आली. त्यांनी नंबर वाचला आणि ती न तपासताच बाजूला सारली. मालक स्वतः आले. गोड बोलले. मुंबईचे लोक पुढं मोठं काम देणार आहेत, कोल्हापूरचं नाव होणार आहे, असं बरंच काही. शालूबाई म्हणाल्या, "मालक, नाव हुईल. कुठल्या पानावर हुईल ते बघा." आणि त्यांनी शिक्का ड्रॉवरमध्ये टाकून कुलूप लावलं. प्रत्येक तपासनिसाला नंबरचा शिक्का असायचा. शालूबाईंचा चार नंबर.

दुसऱ्या दिवशी चौदा एप्रिल. बाबासाहेबांच्या जयंतीला शालूबाई चौदा वर्षांत एकदाही कामावर आल्या नव्हत्या. बाकी कारखाना चालू होता. दुपारी सूरजनं ऑफिसातली जादा किल्ली घेतली, त्यांचा ड्रॉवर उघडला, चार नंबरचा शिक्का काढला आणि पिनेच्या सर्टिफिकेटवर दोनदा उठवला. एकदा 'क्रोमपूर्वी तपासले, चिरा नाहीत' याच्यापुढं आणि एकदा 'क्रोमनंतर तपासले, चिरा नाहीत' याच्यापुढं. तारीख घातली. मी सर्टिफिकेट न्यायला समोरच उभा होतो. त्यानं माझ्याकडे बघितलंही नाही. माणूस समोर उभा आहे याचीही त्याला अडचण वाटली नाही, एवढी माझी पत. मी पिन मेणकागदात गुंडाळली, खोक्यात ठेवली, खोक्यावर 'काळजीपूर्वक हाताळा' अशी चिठ्ठी लावली.

नव्व्याण्णवच्या नोव्हेंबरात दक्षिणेतल्या एका विमानतळावर, भर दुपारी, एकशे चार प्रवासी घेऊन आलेल्या विमानाचा डावा पाय उतरताना मोडला. विमान पंखावर कलंडलं, इंजिन धावपट्टीवर घासत गेलं, ठिणग्यांचा पट्टा उठला आणि सगळं धूड कडेच्या मातीत जाऊन थांबलं. कुणी मेलं नाही. घसरपट्टीवरून उतरताना एका म्हातारीचं खुब्याचं हाड मोडलं, दहा-बारा जण जखमी झाले. दुसऱ्या दिवशी पेपरांनी वैमानिकाला झोडपलं. त्यानं विमान आपटलं म्हणे. विमान कंपनीनं त्याला घरी बसवलं. चौकशी समिती बसली. महिनाभर सगळ्यांचं एकमत होतं की दोष वैमानिकाचाच, कारण तो एकच असा होता ज्याच्या पाठीशी कंपनी नव्हती.

त्यात विघ्न आणलं गुरुसिद्ध पट्टणशेट्टी नावाच्या माणसानं. हा मूळचा संकेश्वरकडचा, बंगळूरच्या एका प्रयोगशाळेत तुटलेलं लोखंड बघायचं काम करायचा. त्याच्याकडे पिनेचे दोन तुकडे आले. त्यानं तुटलेला काठ सूक्ष्मदर्शकाखाली धरला आणि चिरेच्या तोंडात त्याला क्रोम दिसलं. वरचं क्रोम चिरेच्या आत उतरलेलं. आता चिरेत क्रोम गेलं याचा अर्थ क्रोम चढवलं त्याआधीच चीर होती. हे समजायला पदवी लागत नाही. भिंतीला भेग आधी असेल तरच रंग भेगेत जातो. पण समितीला हे समजायला तीन बैठका लागल्या.

दोन हजारच्या जानेवारीत समिती शिरोलीला आली. दिल्लीचे एक मोठे साहेब, त्यांच्यामागं फायली धरणारे दोघे आणि हा पट्टणशेट्टी. मालकांनी कमान उभारली. चौकशीला आलेल्या माणसांसाठी कमान! फेटे बांधले, रस्सा वाढला, पहिला दिवस जेवणात गेला, दुसऱ्या दिवशी सकाळी ज्योतिबाचं दर्शन झालं. पट्टणशेट्टी तेवढा जेवायला थांबला नाही की दर्शनाला गेला नाही. तो कपाटातले जुने कागद काढून बसला.

मालकांचं उत्तर तयार होतं. सर्टिफिकेटवर शिक्का चार नंबरचा. चार नंबर शालूबाईंचा. शालूबाईंना चष्मा लागलाय. सातवी शिकलेली बाई, वय झालेलं, नजर गेलेली. आम्ही दयेपोटी कामावर ठेवली, चूक झाली आमची. हे सगळं मालकांनी शालूबाईंच्या समोर सांगितलं, आणि सांगताना आवाजात अशी काही हळहळ आणली की फाईलवाल्यांपैकी एकानं मान हलवली.

मोठ्या साहेबांनी शालूबाईंना विचारलं, "तुम्हाला दिसतं का नीट?"

पट्टणशेट्टीनं ते मराठीत सांगितलं. शालूबाई म्हणाल्या, "माझं डोळं तपासाय आलाय तर तपासा. त्याबरोबर ह्येंचं कानबी तपासा. मी नऊ तारखेला सांगितलेलं ह्यास्नी अजून ऐकू गेलेलं दिसत न्हाई."

पट्टणशेट्टीनं ते जसंच्या तसं हिंदीत सांगितलं. साहेबांना ते आवडलं नाही.

पट्टणशेट्टीनं बंगळूरहून येताना आठ तुकडे आणले होते, काही चांगले, काही चिरलेले. ते बघून सांगायचे. ट्रे घेऊन मी आत गेलो, साहेब, पट्टणशेट्टी आणि सूरजही आले. पडदा ओढला. शालूबाई स्टुलावर बसल्या आणि काहीच करेनात.

"काय झालं?" साहेबांनी विचारलं.

"पाच मिनिटं डोळं निवू देत."

दोन मिनिटांनी साहेबांनी घड्याळ बघायला बॅटरी लावली. भक्कन उजेड झाला.

"बंद करा ती," शालूबाई म्हणाल्या. "आता परत पयल्यापासनं पाच मिनिटं बसा."

दिल्लीहून आलेला माणूस कोल्हापूरच्या एका झाडूवालीच्या सांगण्यावरून अंधारात पाच मिनिटं गप्प बसला. मी त्या कारखान्यात घालवलेल्या वर्षांत यापेक्षा चांगली पाच मिनिटं दुसरी आठवत नाहीत.

मग त्यांनी एकेक तुकडा चुंबक केला, तेल ओतलं, फिरवला. दुसरा बाद. पाचवा बाद. सहावा बाद. आठवा हातात जरा जास्त वेळ राहिला. "ह्योबी बाद."

"अक्का, तीनच आहेत चिरलेले," पट्टणशेट्टी हळूच म्हणाला. "आठवा चांगला आहे. मी स्वतः बघितलाय."

"मग परत बघा. हितं, भोकाच्या आतल्या अंगाला. दिवा तिरका धरा."

त्यानं दिवा तिरका धरला, भिंग लावलं. तुकडा दोनदा फिरवून बघितला. मग सरळ उभा राहिला आणि म्हणाला, "आहे. माझ्या नजरेतून सुटली होती."

सूरज अंधारात काहीतरी पुटपुटला. शालूबाई म्हणाल्या, "तुम्ही बघाय येताय काय, सूरजराव? बसा हितं. आठाचं आठ घासल्याच्या खुणा म्हणून सोडशीला."

बाहेर आल्यावर पट्टणशेट्टीनं ते सर्टिफिकेट टेबलावर ठेवलं. शालूबाईंनी चष्मा लावून तारीख वाचली आणि हसल्या. हसण्यात आनंद नव्हता.

"चौदा एप्रिलला मी कारखान्यात? उचगावच्या मिरवणुकीत इचारा, पुढं झेंडा कोण धरती. अगदी मेलो असतो तरी त्या दिवशी हितं आलो नसतो."

मालक म्हणाले की त्या दुपारी तासभर येऊन गेल्या. सगळ्यांना आठवतंय. "काय गुंडू? तू हुतास की त्या दिवशी."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी सांगितलं की शालूबाई त्या दिवशी आल्या नव्हत्या.

हे वाचून कुणी मला शाबासकी देऊ नये. शालूबाईंचं एप्रिलचं हजेरीकार्ड पट्टणशेट्टीच्या हातात होतं. चौदा तारखेची जागा कोरी होती, मला ती बसल्या जागेवरून दिसत होती. खोटं बोललो असतो तर तिथंच उघडा पडलो असतो, म्हणून मी खरं बोललो. त्यानंतर खरा प्रश्न आला. पट्टणशेट्टीनं विचारलं, "मग शिक्का कुणी उठवला? सर्टिफिकेट तुमच्या हातात कुणी दिलं?"

सूरज नखं बघत होता. मालक माझ्याकडे बघत होते, तेच हळहळलेले डोळे. माझ्या भावाला त्याच महिन्यात मालकांनी कामावर घेतलं होतं. मी म्हणालो, "टेबलावर पडलेलं हुतं. मी नुसता प्याकिंगवाला. बघितलं न्हाई."

शालूबाईंनी माझ्याकडे मान वळवली. शिवी दिली असती तर मी सोसली असती. त्यांनी एखादा बाद तुकडा बघावा तसं बघितलं आणि मान परत फिरवली.

अहवाल यायला दीड वर्ष लागलं. शालूबाईंची मुलगी निशा त्यावेळी कॉलेजात होती. पट्टणशेट्टीनं पाठवलेली प्रत तिनं आईला मराठीत वाचून दाखवली. हे निशानंच मला नंतर सांगितलं. एकशे साठ पानं. वैमानिकाचा मुख्य दोष नाही, पण उतरताना वेग थोडा जास्त होता हे नमूद करणं आवश्यक आहे. पिनेला क्रोमपूर्वीच्या चिरा होत्या. तपासणीच्या पद्धतीत त्रुटी आढळल्या. आणि शिक्क्याबद्दल एक वाक्य: 'तपासनिसाचा शिक्का तिच्या अनुपस्थितीत अज्ञात व्यक्तीकडून वापरला गेला असावा.'

"अज्ञात म्हंजे?" शालूबाईंनी विचारलं.

"म्हणजे कोण ते माहीत नाही."

"हितं कुत्र्यालाबी म्हाईत हाय." मग त्या म्हणाल्या, "माझं नाव कुठं हाय?"

निशानं सगळी पानं चाळली. नाव नव्हतं. एका ठिकाणी 'एक महिला कामगार' होती. चाचणीबद्दलच्या पानावर 'समितीने तपासणी यंत्रणेची पडताळणी केली' असं होतं. म्हणजे आठवा तुकडा समितीनंच पकडला होता. शालूबाईंनी निशाला अहवाल बंद करायला सांगितलं आणि भाकरी करायला बसल्या.

अहवालात शालूबाईंना नाव मिळालं नाही, तसं अज्ञात व्यक्तीलाही मिळालं नाही, आणि त्यामुळं ती अज्ञात व्यक्ती पुढच्याच वर्षी कारखान्याची डायरेक्टर झाली. मुंबईचं काम बंद झालं. मालकांनी अंधारखोली मोडून तिथं वॉटरकूलर बसवला आणि शालूबाईंना सांगितलं की आता तपासणीच नाही तर तपासनीस कशाला, झाडू आहे, घ्यायचा तर घ्या. शालूबाईंनी हातमोजे काढून त्यांच्या टेबलावर ठेवले. "झाडाय मला लाज न्हाई मालक. पर हितली घाण झाडूनं निघायची न्हाई." सतरा वर्षांनी गेटबाहेर पडताना त्यांच्या हातात डबा आणि छत्री, एवढंच.

वैमानिकाला परत घेतलं म्हणे, पण कॅप्टनचा उपकॅप्टन करून. त्यानं शालूबाईंना एक पत्र पाठवलं होतं. इंग्रजीत, सुंदर अक्षरात. त्यांनी निशाकडून वाचून घेतलं आणि म्हणाल्या, "बिचाऱ्यानं लिवलंय तरी. बाकीच्यास्नी हातच न्हाईत."

दोन हजार चारला शहरातल्या उद्योजकांच्या एका मंडळानं हंबीररावांना उद्योगभूषण दिलं. शाल, श्रीफळ, मानपत्र. मानपत्रात 'ज्यांनी कोल्हापूरचे नाव आकाशात नेले' असं होतं. आकाशातून ते खाली कसं आणलं हे लिहायला बहुतेक जागा कमी पडली. सूरजनं आभार मानले. टाळ्या वाजवायला कारखान्यातून आम्हाला गाडीनं नेलं होतं. मीही वाजवल्या. इतरांपेक्षा एखादी कमी वाजवली असेल, तेवढाच माझा निषेध.

वर्षभरानं मी ती नोकरी सोडली. तत्त्वासाठी नव्हे. सूरजनं डिस्पॅच बाहेरच्या ट्रान्सपोर्टवाल्याला दिलं, मग मी ट्रान्सपोर्टवाल्याकडे लागलो. त्या कामानं मला गोकुळ शिरगावच्या एका फाउंड्रीत नेलं. ट्रॅक्टरच्या चाकांचे सांधे तिथं ओतले जायचे. चालवणारा रुद्रेश नावाचा तरुण होता. माल तयार नव्हता. मी विचारलं, किती वेळ? तो वैतागून म्हणाला, "त्या बाईला विचारा. तिच्यापुढं माझं काही चालत नाही."

शेडच्या मागं शालूबाई उभ्या होत्या. केस पांढरे झाले होते, चष्मा जाड झाला होता. समोर गॅसकटर घेतलेला माणूस एकेक सांधा मधोमध कापून दोन तुकडे करत होता. आठ-दहा सांध्यांचा ढीग पडला होता, सगळे दिसायला नवे कोरे.

रुद्रेशनं मागून सांगितलं, "बाद केलेला नग डोळ्यासमोर कापल्याशिवाय दुसरा नग हातात घेणार नाही म्हणते. कामावर लागतानाच हीच अट घातली. लाल कार्डावर आपला विश्वास न्हाई म्हणते. आधी कुठं होती कोण जाणे, फार किरकिरी बाई आहे. पण गेल्या चार वर्षांत आमचा एक नग परत आलेला नाही, म्हणून सोसतो."

मी जवळ गेलो. पाच वर्षं मनात जुळवून ठेवलेलं वाक्य होतं. सूरजला मी बघितलं होतं, शिक्का त्यानंच उठवला होता, मी खोटं बोललो, हे सगळं एका दमात सांगायचं होतं. "शालूबाई," मी म्हणालो, "त्या दिवशी मी..."

त्यांनी मला ओळखलं. नजरेवरून कळलं. काय सांगणार आहे तेही त्यांना कळलं असावं, आणि ते त्यांना त्या दिवसापासूनच ठाऊक होतं हे मला आत्ता कळलं.

"बाजूला हो, गुंडू," त्या म्हणाल्या. "ठिणग्या उडत्यात."

मी बाजूला झालो. कटरवाल्यानं पुढचा सांधा उचलला, त्यांनी खडूनं रेघ मारून दिली, आणि तो कापायला लागला.